प्रत आणि प्रतिबिंब

(वाचनालयाच्या शताब्दी महोत्सवातील व्याख्यानाचा पाठ)



शताब्दीच्या व्यासपीठावरून संस्थेच्या गतकाळाचे स्मरण व्हावे, संस्थापकांना वंदन व्हावे आणि पुढील शतकासाठी संकल्प सोडला जावा, असा प्रघात आहे. त्या मानाने आजचा विषय पुष्कळच रुक्ष वाटेल. हल्ली बहुतेक वाचनालयांच्या कार्यालयात संगणकाशेजारी एक लहानशी काळी पेटी दिसते. तिच्यात दोन हार्ड डिस्क असतात. एकीवर जे उमटते तेच त्याच क्षणी दुसरीवरही उमटते, म्हणून या रचनेला आरशाची उपमा मिळाली आहे. जुन्या ग्रंथांची स्कॅन केलेली पाने, दाखल नोंदवही, सभासदांची यादी, समारंभांची छायाचित्रे, असा सारा ठेवा या पेटीत जातो. 'हे सर्व सुरक्षित आहे ना?' असे कुणी विचारले, तर उत्तर तयारच असते: 'दोन-दोन डिस्क आहेत, काळजी नको.' हे उत्तर कितपत खरे आहे, आणि ते खरे आहे की नाही हे कसे पडताळून पाहावे, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

महाराष्ट्रातील एखाद्या शहरातल्या वाचनालयाचा एखादा ग्रंथ नाहीसा झाला, तर त्याची दुसरी प्रत शेजारच्या गावी, निदान पुण्या-मुंबईस मिळण्याची आशा असते. ग्वाल्हेरसारख्या ठिकाणी मराठी वाचनालयाची स्थिती निराळी आहे. संस्थानी काळात इथल्या छापखान्यांतून निघालेली पुस्तके, स्थानिक गणेशोत्सवांच्या स्मरणिका, कौटुंबिक प्रसंगी छापलेल्या कवितांच्या पत्रिका, घराण्यांच्या दप्तरांतील मोडी कागद यांपैकी कित्येकांची येथील प्रत हीच जगातील एकमेव प्रत असू शकते. आनंदराव भाऊ फाळके यांनी 'शिंदेशाही इतिहासाची साधने' ग्वाल्हेरातून प्रसिद्ध केली आणि कोट्याच्या गुळगुळे दप्तरातील पत्रे अभ्यासकांच्या हाती आली. १९३७ साली ग्वाल्हेर दरबारच्या आश्रयाने महादजी शिंद्यांविषयीची ऐतिहासिक पत्रे गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली छापली गेली. जे छापले गेले ते अनेक ठिकाणी पोहोचले. जे छापले गेले नाही ते ज्या कपाटात होते त्याच कपाटात राहिले, आणि आता ते कपाटातून पेटीत आले आहे.

आणखीही एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. कागदाला वाळवी लागली तर ती डोळ्यांना दिसते. पुस्तकाचे पान सुटले तर पुढचा वाचक ग्रंथपालाकडे तक्रार करतो. फाइल बिघडली तर मात्र ती उघडेपर्यंत कुणालाही कळत नाही. आणि ग्वाल्हेरच्या मराठी घरांतील नातवंडांना देवनागरी मराठी वाचण्याची सवय उणावत असताना, मोडीतील पत्राचे चित्र वर्षानुवर्षे कुणीही उघडणार नाही, हेही तितकेच खरे. वाचक विरळ झाले की बिघाड ओळखणारे डोळेही विरळ होतात. म्हणून ज्या ठेव्याला वाचक थोडे, त्याची पडताळणी अधिक काळजीने करावी लागते.

मराठी भाषेत 'वाचणे' या एका क्रियापदाला दोन अर्थ आहेत. पुस्तक वाचणे हा एक, आणि संकटातून वाचणे हा दुसरा. दोहोंची व्युत्पत्ती निराळी असली तरी जतनाच्या बाबतीत ते दोन्ही अर्थ एकत्र येतात: जी प्रत वाचून पाहिली, तीच प्रत वाचली, असे म्हणता येते. न वाचलेली प्रत ही केवळ वाचल्याची समजूत असते.

आपल्या पूर्वसूरींना हे पुरते ठाऊक होते. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली सांगून झाली. पुढील तीन शतकांत तिच्या नकला गावोगाव झाल्या. प्रतींची संख्या वाढली, तशी पाठभेदांची संख्याही वाढली. एका नकलेतील चूक पुढच्या नकलेत जशीच्या तशी उतरे आणि तिच्यात नव्या चुकीची भर पडे. शके १५०६ मध्ये, इ.स. १५८४ साली, एकनाथ महाराजांनी ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि त्यात कुणी पदरची ओवी घालू नये अशी ताकीदही दिली. ग्रंथाच्या प्रती पुष्कळ आहेत म्हणून तो सुरक्षित आहे, असे नाथांनी मानले नाही. प्रती समोर ठेवून त्यांनी त्या पारखल्या. महानुभाव पंथातील 'लीळाचरित्रा'ची कथाही अशीच बोलकी आहे. म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या आठवणी मोठ्या परिश्रमाने मिळवल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या तपासून घेतल्या. पुढे परचक्राच्या धाडीत मूळ ग्रंथ गेला, आणि ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्या स्मरणातून तो पुन्हा उभा करावा लागला, असे परंपरा सांगते. ग्रंथ परत मिळाला, परंतु निरनिराळ्या पाठांच्या रूपाने मिळाला. हरवलेल्या प्रतीची भरपाई होते, पण ती पूर्ण होतेच असे नाही.

याहून प्राचीन उदाहरण वेदपठणाचे. संहिता पाठ करून वैदिक थांबत नाही. त्याच शब्दांचा तो पदपाठ म्हणतो, क्रमपाठ म्हणतो, जटा म्हणतो, घन म्हणतो. जटापाठात पहिला व दुसरा शब्द, मग दुसरा व पहिला, आणि पुन्हा पहिला व दुसरा, अशी उलटसुलट गुंफण असते. एखादा शब्द गळला किंवा जागेवरून हलला, तर ही गुंफण बिघडते आणि चूक तत्काळ कानी येते. लेखणी न वापरता तपासणीची इतकी कडक पद्धत निर्माण करणाऱ्या परंपरेचे वारस आज दोन डिस्कच्या हिरव्या दिव्यावर निर्धास्त राहतात, हे काहीसे नवलाचेच आहे.

आणि ग्वाल्हेरात बोलताना गायकीचा दाखला टाळता येत नाही. हस्सूखाँ यांचे शिष्य वासुदेवबुवा जोशी, त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, आणि त्यांच्याकडे मिरजेस शिकलेले विष्णु दिगंबर पलुसकर, या मालिकेतून ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात उतरली, आणि १९०१ साली पलुसकरांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले तेव्हा ती तेथेही पोहोचली. एकाच गावापुरती ती राहिली असती तर त्या गावाच्या भाग्याबरोबर तिचे भाग्य बांधले गेले असते. पण ती दूरवर गेली याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे तालमीची रीत. शिष्याने ऐकले एवढ्यावर गुरूचे समाधान होत नाही. 'आता गाऊन दाखव' असे तो म्हणतो. शिष्याच्या गळ्यातून बंदिश जशीच्या तशी बाहेर आली, म्हणजेच ती त्याच्याकडे पोहोचली. संगणकाच्या व्यवहारात ज्याला 'बॅकअप परत उतरवून पाहणे' म्हणतात, त्याचा अर्थ याहून वेगळा नाही. पेटीने ठेवा घेतला, हे पुरे नाही. मागितल्यावर तिने तो परत द्यावा, हीच तिची परीक्षा.

आता त्या पेटीकडे वळू. संगणकातील प्रत्येक फाइल, मग ती अभंगाची असो की छायाचित्राची, शून्य आणि एक या दोन अंकांच्या रांगांनी बनलेली असते. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिरात विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इ.स. ८७६ चा शिलालेख आहे. देवासाठी दिलेल्या बागेची लांबी २७० हात आणि रोजच्या फुलमाळा ५०, असे आकडे त्यात कोरलेले असून त्यांतील शून्य आजही दिसते. भारतातील लिखित शून्याच्या जुन्या पुराव्यांत त्याची गणना होते. तो लेख दगडावर टिकला. पण अभ्यासकांनी त्याचा पाठ 'एपिग्राफिया इंडिका'त छापल्यामुळे तो दगडापलीकडेही टिकला. उद्या भिंतीचा टवका उडाला तरी पाठ राहील. दगडावरचे शून्य पुसट होत असताना निदान पुसट होताना दिसते. डिस्कवरचे शून्य उलटून एक झाले तर त्याचा कुठेही ओरखडा दिसत नाही.

दोन किंवा अधिक डिस्क एकत्र बांधून एकीच्या नाशापासून माहिती वाचवायची, या कल्पनेचे व्यवस्थित विवेचन अमेरिकेतील बर्कले विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मधील निबंधात केले. त्यातून 'रेड' ही संज्ञा रूढ झाली. त्या निबंधातील पहिली पायरी म्हणजेच आरसा-पद्धत. तिचा हेतू अगदी मर्यादित आहे. दोहोंपैकी एक डिस्क यांत्रिक बिघाडाने बंद पडली, तर काम न थांबता दुसरीवर चालू राहावे, एवढाच तो हेतू. तेवढे काम ती चांगले करते. बँकेत किंवा रुग्णालयात, जिथे क्षणभरही काम थांबवता येत नाही, तिथे तिचे मोल मोठे आहे.

पण आरसा हा आरसाच. समोरच्याने कपाळावरचे कुंकू पुसले तर आरशातले कुंकूही त्याच क्षणी पुसले जाते. कार्यालयातील कुणी चुकून एखादे फोल्डर पुसून टाकले, तर ते दोन्ही डिस्कवरून पुसले जाते. एखाद्या फाइलीवर त्याच नावाची चुकीची फाइल चढवली, तर दोन्हीकडे चुकीचीच फाइल राहते. २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभरातील संगणकांवरील फाइली कुलूपबंद केल्या. अशा वेळी आरशातील प्रतही मुळाबरोबरच कुलूपबंद होते. मैफलीत मागे बसलेला साथीदार गायकाच्या प्रत्येक सुराला सूर लावतो. गायक घसरला तर तोही त्याच्याबरोबर घसरतो. त्याच्याकडून साथ घ्यावी, चूक दाखवण्याची अपेक्षा करू नये.

दुसरी मर्यादा जागेची. दोन्ही डिस्क एकाच पेटीत, एकाच विजेच्या तारेवर, एकाच टेबलावर असतात. मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो तेव्हा दोन्ही सारख्याच तापतात. वीज जाऊन परत येताना दाब अचानक वाढला, तर धक्का दोघींना बसू शकतो. त्या बहुधा एकाच दिवशी विकत घेतलेल्या, एकाच कारखान्याच्या एकाच खेपेतील असतात. म्हणजे त्यांचे वयही एक आणि झीजही एक. चोर पेटी उचलतो तेव्हा प्रत आणि प्रतिबिंब दोन्ही उचलतो.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यातील नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. ज्यांच्या घरी एका ग्रंथाच्या दोन प्रती एकाच कपाटात होत्या, त्यांच्या दोन्ही प्रती एकाच पाण्यात भिजल्या असणार, हे सांगायला पुरावा नको. आजच्या युगातही हेच घडते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या संगणककेंद्राला आग लागली आणि एक पाच मजली इमारत जळाली. काही ग्राहकांची मूळ माहिती आणि तिची राखीव प्रत, दोन्ही त्याच आवारात होत्या. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी माहितीकेंद्रात आग लागली, आणि सरकारी कर्मचाऱ्यांची ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. साठा फार मोठा असल्यामुळे त्याची बाहेर प्रत ठेवलेली नव्हती. साधनसंपन्न राष्ट्राच्या बाबतीत हे घडते, तर वाचनालयाने सावध असण्यात काही कमीपणा नाही.

प्रत दूर ठेवल्याने काय साधते याचे उदाहरण हसू आणणारे, पण मार्मिक आहे. १९९८ साली अमेरिकेतील पिक्सार या चित्रपटसंस्थेत 'टॉय स्टोरी २' या व्यंगचित्रपटाचे काम चालू असताना एका चुकीच्या आज्ञेने बहुतेक चित्रपट संगणकावरून पुसला जाऊ लागला. राखीव प्रतीकडे धाव घेतली, तेव्हा ती प्रत कित्येक दिवस नीट घेतलीच जात नव्हती असे उघड झाले. गॅलिन सुसमन या तंत्रदिग्दर्शिका बाळंतपणामुळे घरून काम करीत होत्या आणि त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची बरीच अलीकडची प्रत होती. तिच्या आधारे काम सावरले. भा. रा. तांबे यांची गोष्ट या दृष्टीने आठवावी. मध्य भारतात आयुष्य घालवलेल्या या राजकवींचे १९४१ साली ग्वाल्हेरात निधन झाले. परंतु त्याआधीच, १९३५ साली, माधव जूलियन यांनी त्यांची समग्र कविता संपादित केली होती. कवी इथे आणि प्रत तिथे, अशी सोय काळाने आपण होऊन करून दिली. प्रत्येक वेळी काळ असा उपकार करीलच असे नाही.

आता प्रश्न पडताळणीचा. संगणकतज्ज्ञाच्या मदतीशिवाय ग्रंथपालाला आणि एखाद्या उत्साही कार्यकर्त्याला करता येण्याजोगी ही कामे आहेत.

सर्वप्रथम पेटी खरोखर आरसा-पद्धतीने लावली आहे का, हेच पाहावे. दोन डिस्कची पेटी दोन प्रकारे लावता येते: एकीत दुसरीचे प्रतिबिंब, किंवा दोन्ही मिळून एक मोठी जागा. काही पेट्या कारखान्यातूनच दुसऱ्या प्रकारे लावलेल्या येतात. त्या प्रकारात एक डिस्क गेली की अर्धा ठेवा जातो. माहिती दोन्हींवर तुकड्यातुकड्यांनी पसरलेली असेल तर सगळाच जातो. ओळखण्याची खूण सोपी आहे. प्रत्येकी ४ टेराबाइटच्या दोन डिस्क असतील आणि आरसा असेल, तर संगणक एकूण जागा ४ टेराबाइटच दाखवील. विंडोजमध्ये मोजण्याच्या वेगळ्या पद्धतीमुळे तीच जागा सुमारे ३.६ दिसते. त्याऐवजी ८ किंवा ७.३ दिसले, तर तिथे आरसा नाही, हे निश्चित समजावे. मात्र अशी चूक आढळली तरी घाईने पद्धत बदलू नये, कारण पद्धत बदलताना बहुधा सर्व माहिती पुसली जाते. आधी माहिती अन्यत्र उतरवून घ्यावी.

त्यानंतर डिस्कच्या प्रकृतीकडे पाहावे. आरशाचा गुण हाच त्याचा दोष ठरतो: एक डिस्क बंद पडली तरी फाइली पूर्ववत उघडतात, म्हणून कुणाला काही कळत नाही. पेटी टेबलामागे असेल तर लाल दिवा भिंतीलाच दिसतो. पेटीसोबत आलेला प्रोग्रॅम संगणकावर असेल तर तो धोक्याची सूचना देतो. पण संगणक बदलला की तो प्रोग्रॅम नव्या संगणकावर घालायचे राहून जाते, किंवा सूचना ज्या ई-मेलवर जायची तो पत्ता माजी कार्यवाहांचा असतो. म्हणून दर महिन्याला ठरावीक दिवशी दिवे आणि प्रोग्रॅममधील दोन्ही डिस्कची स्थिती पाहावी, आणि पाहिल्याची नोंद तारखेसह करावी.

सूचनेवर विसंबल्याने काय होते, याचा प्रसिद्ध दाखला गिटलॅब या कंपनीचा. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील एका अभियंत्याने चुकून चालू असलेल्या माहितीसाठ्याचाच मोठा भाग पुसला. रक्षणाच्या पाच निरनिराळ्या व्यवस्था होत्या, आणि ऐनवेळी त्यांपैकी एकही विश्वासाने कामी येईना. रोजची राखीव प्रत प्रोग्रॅमच्या आवृत्तीतील तफावतीमुळे तयारच होत नव्हती; ती होत नसल्याची सूचना देणारी ई-मेल पत्रेही पोहोचण्याआधीच नाकारली जात होती. योगायोगाने सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत सापडली आणि तिच्यावर भागले. कंपनीने हे सर्व प्रांजळपणे जाहीर केले, म्हणूनच इतरांना त्यातून शिकता आले. तिथे व्यवस्थांची वाण नव्हती. त्या व्यवस्थांकडून कुणी 'गाऊन दाखव' असे म्हणवून घेतले नव्हते.

म्हणून तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे काम फाइली उघडण्याचे. दर तीन महिन्यांनी निरनिराळ्या फोल्डरांतून पंचवीस-तीस फाइली मनाला येतील तशा निवडाव्यात, त्या दुसऱ्याच एखाद्या संगणकावर उतरवाव्यात आणि तिथे उघडून पाहाव्यात. केवळ नाव दिसणे पुरेसे नाही. ग्रंथाचे पहिले पान, मधले एखादे पान आणि शेवटचे पान डोळ्यांखालून घालावे. ज्या फाइली कुणी वर्षानुवर्षे मागितल्या नाहीत, त्यांना अग्रक्रम द्यावा.

हजारो फाइली अशा उघडून पाहणे माणसाला शक्य नाही. त्यासाठी चेकसम ही युक्ती आहे. संगणक प्रत्येक फाइलीतील सर्व अंकांवर गणित करून तिचा एक ठसा काढतो. २००२ मध्ये अमेरिकेत प्रमाण म्हणून स्वीकारल्या गेलेल्या 'एसएचए-२५६' या पद्धतीत तो ६४ अक्षरांचा असतो. फाइलीतील एक अनुस्वार जरी बदलला तरी ठसा पूर्णपणे बदलतो. ही सोय विंडोज आणि लिनक्स या दोहोंत उपलब्ध आहे. स्कॅन पूर्ण झाल्यावर प्रत्येक फाइलीचा ठसा काढून त्यांची यादी पेटीबाहेर जपून ठेवावी, आणि वर्षातून एकदा ठसे पुन्हा काढून जुन्या यादीशी ताडून पाहावेत. हीच आधुनिक जटापाठाची रीत होय. या यादीचा आणखी एक उपयोग आहे. आरशातील दोन प्रतींत तफावत पडली, तर त्यांतील खरी कोणती हे पेटीला आपण होऊन सांगता येत नाही. दोन हस्तलिखितांत पाठभेद असला की संपादक तिसऱ्याकडे वळतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण केली, तेव्हा त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते विचारात घेतली होती, असे सांगितले जाते. पेटीच्या बाबतीत तो तिसरा साक्षीदार म्हणजे ठशांची यादी.

एक डिस्क मुद्दाम काढून दुसरीवर काम चालते का, हे पाहण्याचा सल्ला काही जण देतात. परीक्षा खरी आहे, पण बेताने घ्यावी. आधी सर्व माहितीची स्वतंत्र प्रत हाती असावी, पेटीसोबतच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणेच डिस्क काढावी, आणि परत बसवल्यावर आरसा पुन्हा पूर्ण होईपर्यंत थांबावे. सेकंदाला १५० मेगाबाइट या वेगानेही ४ टेराबाइटची नक्कल व्हायला सात तासांहून अधिक वेळ लागतो. तेवढा काळ उरलेली डिस्क एकटीच भार वाहते. खरोखरच एखादी डिस्क बिघडली, तर नवी बसवण्यापूर्वी उरलेलीवरील माहिती अन्यत्र उतरवून घेणे शहाणपणाचे, हे यावरून लक्षात येईल.

एवढे सगळे करूनही पेटी ही एकच जागा राहते. पीटर क्रॉग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम येथे उपयोगी पडतो: प्रती तीन असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक तरी दुसऱ्या गावी असावी. आरशातील दोन डिस्क मिळून या हिशेबात एकच प्रत धरावी. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर उतरवून ती डिस्क संगणकापासून सोडवून ठेवावी, म्हणजे चुकीची आज्ञा किंवा विषाणू तिच्यापर्यंत पोहोचणार नाही. तिसरी परगावी पाठवावी. ग्वाल्हेरपुरते सांगायचे तर इंदूर, उज्जैन, भोपाळ, झाशी येथील मराठी संस्थांचा ऋणानुबंध जुना आहे. एका संस्थेने दुसरीची डिस्क आपल्या कपाटात ठेवावी आणि दरवर्षी अधिवेशनाच्या वा व्याख्यानमालेच्या निमित्ताने भेट होईल तेव्हा ताज्या प्रतीची अदलाबदल करावी. दोन डिस्कच्या किमतीपलीकडे याला खर्च नाही. लागतो तो नेम.

आणि नेम हीच तर वाचनालयाची खरी पुंजी आहे. देवघेवीच्या वेळा शंभर वर्षे पाळल्या गेल्या त्या नेमामुळे. वाचनालयाची वार्षिक ग्रंथमोजणी ही काय असते? दाखल नोंदवही एका हाती धरायची, कपाटातील पुस्तक दुसऱ्या हाती घ्यायचे, आणि नोंद व वस्तू यांची गाठ घालायची. पुस्तक नोंदवहीत आहे म्हणून ते कपाटात आहेच, असे कोणताही जाणता ग्रंथपाल मानत नाही. हाच बाणा पेटीच्या बाबतीत दाखवला की विषय संपला. मोजणीच्या वहीत एक रकाना वाढवावा: किती फाइली उघडून पाहिल्या, ठसे जुळले का, परगावची प्रत कोणत्या तारखेची आहे, आणि पाहणाऱ्याची सही. हे काम एकट्यावर सोपवू नये. दोघांना ते यावे, आणि त्यांपैकी एक तरुण असावा. संकेतशब्द एकाच्याच स्मरणात राहिला तर ती माहितीही एकुलती एक प्रतच ठरते.

यंत्रावर अविश्वास दाखवावा असा याचा अर्थ नव्हे. पेटी निष्ठेने आपले काम करते. जे तिच्यासमोर ठेवाल ते ती दोनदा लिहिते. त्यापुढचे काम तिच्या आवाक्यातले नाही, कारण लिहिलेले बरोबर आहे की चूक, हवे आहे की नको, हे वाचणाराच ठरवू शकतो. शताब्दीच्या या वर्षातील ग्रंथमोजणी अजून व्हायची असेल, तर ती सुरू होण्याच्या दिवशी सकाळी पहिले काम हे करावे: पेटीतील सर्वांत जुनी फाइल, जी स्कॅन झाल्यापासून कुणी उघडलीच नाही, ती दुसऱ्या संगणकावर उतरवून घ्यावी आणि तिचे एक पान सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावे. वाचता आले, तर ते वाचले.